पाऊस आपला, धरणं आपली, मग कृष्णेचं पाणी कोणाचं?

सांगलीकडच्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "पाऊस आपल्या सह्याद्रीत पडतो, कोयना आणि वारणा आपल्या हद्दीत आहेत. तरी लवाद आपल्याला आकडा ठरवून देतो. पावसाळ्यात कर्नाटकातलं अलमट्टी धरण भरून आम्हाला पुरात घालतात आणि उन्हाळ्यात आमच्याकडेच पाणी मागतात. महाराष्ट्राने ठाम भूमिका घेतली तर काय बिघडतं?"

प्रश्नात चीड आहे आणि ती समजण्यासारखी आहे. पण यात तीन वेगळे वाद एकमेकांत गुंतले आहेत. हक्क कोणाचा, हा पहिला. वर्षाला किती पाणी वापरायचं, हा दुसरा. कोणत्या तारखेला पाणी धरायचं आणि कोणत्या तारखेला सोडायचं, हा तिसरा. राजकारण पहिल्या दोहोंवर चालतं. सांगली, शिरोळ आणि जत या तिन्ही भागांचं दुखणं मात्र तिसऱ्यात आहे, म्हणून पहिले दोन आटोपशीर घेतो आणि तिसऱ्यावर जास्त बोलतो.

आधी हक्क. आंतरराज्य नदीचं पाणी ज्याच्या हद्दीत पाऊस पडला त्याच्या मालकीचं होत नाही. राज्यांत एकमत झालं नाही, तर राज्यघटनेच्या कलम 262 खाली केलेल्या 1956 च्या आंतरराज्य नदी जलविवाद कायद्याप्रमाणे केंद्र सरकार लवाद नेमतं. लवादाचा निवाडा राजपत्रात आला की त्याला सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाइतकंच बळ असतं. "वरच्याचं पाणी वरच्याचंच" हे तत्त्व मान्य करायचं म्हटलं, तरी त्यात आपलाच तोटा आहे. पेंच नदीवर मध्य प्रदेशाने चौराई धरण बांधलं आणि खाली तोतलाडोहला येणारं पाणी कमी झालं. नागपूरचं पिण्याचं पाणी त्याच नदीवर आहे. तापीतही मध्य प्रदेश आपल्या वर आणि गुजरात आपल्या खाली. कृष्णेत जो नियम आपल्याला सोयीचा, तोच पेंचवर आपल्याला अडचणीत आणतो.

आता आकडे. न्या. बच्छावत यांच्या लवादाने 1973 मध्ये अहवाल आणि 1976 मध्ये अंतिम निवाडा दिला. 1894-95 ते 1971-72 अशा 78 वर्षांचा येवा, म्हणजे नदीत दरवर्षी येणारं पाणी, त्यांनी मोठ्याकडून लहानाकडे मांडला. 75 टक्के विश्वासार्हता म्हणजे या यादीतला साधारण 59 वा आकडा, म्हणजे चारपैकी तीन वर्षी किमान इतकं पाणी मिळेल असा. तो 2060 टीएमसी (अब्ज घनफूट) आला. सिंचनातून झिरपून नदीत परत येणारं 70 टीएमसी त्यात धरून 2130 चं वाटप झालं: महाराष्ट्र 585, कर्नाटक 734, आंध्र प्रदेश 811.

खालच्या आंध्रला सगळ्यात जास्त का, हा प्रश्न हमखास येतो. पावसाचं माप लावून वाटप झालं नाही. सप्टेंबर 1960 पर्यंत जो वापर सुरू होता किंवा ठरून गेला होता, तो आधी संरक्षित धरला गेला. तीन राज्यांचा मिळून तो 1693.36 टीएमसी होता आणि त्यातला मोठा हिस्सा आंध्रचा होता. उरलेलं पाणी नंतर वाटलं गेलं. "आधी वापर दाखवा, मग हक्क मागा" हा धडा राज्यांनी यातूनच घेतला. निवाड्याचा फेरविचार 31 मे 2000 नंतर होणार होता, म्हणून 1996 मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ उभं राहिलं आणि एकाच वेळी ढीगभर कामं काढली गेली. अनेक धरणं झाली, कालवे रखडले. पाणी अडवलं पण शेतापर्यंत गेलं नाही, असे प्रकल्प दिसतात त्यामागे हे मोठं कारण आहे.

दुसरा लवाद न्या. ब्रिजेशकुमार यांचा. त्यांनी 1961-62 पासूनच्या 47 वर्षांची आकडेवारी घेतली आणि सरासरी येवा 2578 टीएमसी काढला. डिसेंबर 2010 च्या अहवालानंतर 2013 च्या पुढील अहवालात महाराष्ट्राला 666, कर्नाटकाला 907 आणि तेव्हाच्या आंध्रला 1005 टीएमसी दिलं. मात्र सप्टेंबर 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निवाडा राजपत्रात प्रसिद्ध करायला स्थगिती दिली, आणि 2014 मध्ये तेलंगण वेगळं झाल्यावर त्या दोन राज्यांतला हिशेब नव्याने सुरू झाला. म्हणून भाषणात 666 ऐकलं तरी अंमलात 585 च आहे. तिन्ही आकड्यांची बेरीज करून पाहा, ती बरोबर 2578 येते. म्हणजे हे वाटप सरासरी पाण्याचं आहे. साधारण निम्म्या वर्षी येवा सरासरीपेक्षा कमीच असतो. चांगल्या वर्षीचं पाणी पुढच्या वर्षासाठी राखून ठेवणारी साठवण नसेल, तर वाढीव 81 टीएमसी कागदावरच राहील.

आता 585 मोजतात कसे, ते बघा, कारण घोळ इथेच होतो. कृष्णेत जलवर्ष 1 जून ते 31 मे. सिंचनासाठी उचललेलं पाणी शंभर टक्के वापर म्हणून मोजतात. शहरांच्या पाणीपुरवठ्याचा फक्त 20 टक्के आणि उद्योगांचा 2.5 टक्के, कारण बाकीचं सांडपाणी होऊन नदीत परत येतं असं गृहीत आहे. धरणातून होणारं बाष्पीभवनही त्या राज्याच्या खात्यावर पडतं. विहिरी आणि बोअरचं पाणी मात्र या हिशेबात येत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, खोऱ्याबाहेर नेलेलं पाणी शंभर टक्के मोजलं जातं. कोयनेतून वीज करून वाशिष्ठीत सोडायला 67.5 टीएमसीची मुभा आहे. मुळशी, वळवण, शिरवटा, लोणावळा आणि ठोकरवाडी या टाटांच्या धरणांना कोणत्याही सलग पाच वर्षांत मिळून 212, म्हणजे वर्षाला सरासरी 42 च्या वर. दोन्ही मिळून जवळपास 110 टीएमसी सह्याद्री ओलांडून कोकणात उतरतं. आपल्या 585 चा हा साधारण पाचवा हिस्सा झाला. "आमचं पाणी कर्नाटकात जातं" असं म्हणताना हा आकडा समोर असावा. त्यावर चर्चा करायला शेजाऱ्याची परवानगी लागत नाही. ती वीज कमाल मागणीच्या तासांत मोलाची आहे, त्यामुळे उद्यापासून ते पाणी बंद करा असं मी म्हणणार नाही. पण हा निर्णय आपल्याच हातात आहे, हे तरी ठाऊक हवं.

आता तिसरा वाद. यात शिरण्याआधी एक गुणोत्तर पाठ करून ठेवा: 11,574 क्युसेकचा (सेकंदाला इतके घनफूट) विसर्ग सलग 24 तास चालला की 1 टीएमसी होतं. लिटरमध्ये ते साधारण 2,832 कोटी. बातमीतला कुठलाही आकडा या गुणोत्तराने तपासता येतो.

कावेरीचं वाटप आणि कृष्णेचं वाटप यांत एक मूलभूत फरक आहे. कावेरीत कर्नाटकाने बिलिगुंडलू इथल्या मोजणी केंद्रावर महिन्यागणिक पाणी पोचवायचं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानंतर वर्षाचं पाणी 177.25 टीएमसी ठरलं. त्यात जूनचं 9.19, जुलैचं 31.24, ऑगस्टचं 45.95 असे हप्ते आहेत. भांडण होतं, पण कशावर होतं ते स्पष्ट असतं. बच्छावत निवाड्यात महाराष्ट्राला असा हप्ता नाही. वर्षाला इतकंच वापरा, एवढीच मर्यादा. सीमेवर अमुक महिन्यात अमुक पाणी दिलंच पाहिजे, असं बंधन नाही. म्हणून एप्रिल-मेमध्ये कर्नाटकाकडून येते ती विनंती असते, त्यांचा हक्क नसतो. आणि तसंच जुलै-ऑगस्टमध्ये अलमट्टीची पातळी किती असावी, यावर त्या निवाड्याच्या जोरावर आपल्याला बोट ठेवता येत नाही. पोकळी दोन्हीकडे आहे. ती भरायची तर तारखा आणि पातळ्या लिहिलेला करार लागतो.

असा करार कसा दिसतो, त्याचं जवळचं उदाहरण बाभळीचं. नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबाद तालुक्यात गोदावरीवर 2.74 टीएमसीचा हा बंधारा. खाली तेलंगणात श्रीरामसागर, म्हणजे जुनं पोचमपाड. बंधारा त्या धरणाच्या फुगवट्याच्या, म्हणजे धरण भरल्यावर पाणी मागे पसरतं त्या भागात येतो, म्हणून आंध्र प्रदेश न्यायालयात गेला. 28 फेब्रुवारी 2013 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बंधारा राहू दिला, पण वेळापत्रक घालून दिलं. 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दरवाजे वर उचललेले राहतील. दोन्ही जलाशयांना सामाईक असणारी साठवण 0.6 टीएमसी आहे, म्हणून तेवढं पाणी 1 मार्चला खाली सोडायचं. देखरेखीला केंद्रीय जल आयोगाच्या प्रतिनिधीसह तीन जणांची समिती.

हे वेळापत्रक शेतकऱ्याच्या बांधावरून बघा. 29 ऑक्टोबरला दरवाजे खाली येतात तेव्हा परतीचा पाऊस बहुतेक सरलेला असतो आणि नदीतला प्रवाह ओसरलेला. कमी पावसाच्या वर्षी बंधारा भरतच नाही. त्यानंतर 1 मार्चला, रब्बी काढणीला आलेली आणि उन्हाळी पिकाची तयारी सुरू, तेव्हा 0.6 टीएमसी निघून जातं. कागदावर महाराष्ट्राकडे 2.74 टीएमसी आहे, प्रत्यक्षात किती आहे हे त्या दोन तारखा ठरवतात. दरवाजे टाकायची तारीख दोन आठवडे अलीकडे असती, तर बंधाऱ्याची उंची वाढवून मिळालं नसतं इतकं पाणी काही वर्षी मिळालं असतं. वाटपाच्या वाटाघाटीत टीएमसीसाठी जीव टाकायचा आणि तारखा दुय्यम मानायच्या, ही चूक कशी महागात पडते ते इथे दिसतं.

आता अलमट्टी. आजची पूर्ण जलाशय पातळी 519.60 मीटर, साठा साधारण 123 टीएमसी. ब्रिजेशकुमार लवादाने 524.256 मीटरपर्यंत जायला परवानगी दिली आहे. महाराष्ट्राचा विरोध आहे आणि सांगली-कोल्हापुरात भीती आहे.

या धरणामुळे सांगलीत पूर येतो का? एका शब्दात उत्तर देणारा माणूस एकतर राजकारणी असतो किंवा त्याने नदी पाहिलेली नसते. सांगलीला आयर्विन पुलाजवळ 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट धोका पातळी. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. त्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टीला मुख्य कारण मानलं नाही. धरणांच्या खालच्या मुक्त पाणलोटात (जिथलं पाणी कुठलंच धरण अडवत नाही) पडलेला मुसळधार पाऊस आणि पूररेषेतली बांधकामं यांवर भर दिला. तांत्रिकदृष्ट्या हे पटण्यासारखं आहे. कराडला कोयना, ब्रह्मनाळला येरळा, हरिपूरला वारणा आणि नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. चारही नद्या एकाच आठवड्यात भरून आल्या, तर खाली अलमट्टी रिकामं असलं तरी सांगली आणि शिरोळला पाणी चढणारच. राधानगरीच्या सात स्वयंचलित दरवाज्यांचंच घ्या. प्रत्येकातून 1,428 क्युसेक पाणी जातं, आणि तलाव भरला की ते आपोआप उघडतात. कोणाच्या आदेशाची ते वाट पाहत नाहीत.

पण म्हणून अलमट्टीचा संबंधच नाही, असंही होत नाही. नदीचा उतार तिथे सपाट आहे. फुगवटा पाण्याच्या आडव्या रेषेवर थांबत नाही. मोठा प्रवाह येत असेल तर पाणी मागे चढत जातं, आणि वर्षानुवर्षं तोंडाशी साचलेला गाळ ते आणखी मागे ढकलतो. मध्ये हिप्परगी बंधारा आहे, पूल आहेत, त्यांचे भराव आहेत. सांगलीत त्यामुळे पाणी किती फुटांनी जास्त चढतं यापेक्षा ते ओसरायला किती दिवस जास्त लागतात, हे पाहणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. शिरोळच्या उसाचं नुकसान पाण्याच्या उंचीने होतं त्याहून जास्त त्या मुक्कामाच्या दिवसांनी होतं. शेंडा पाण्याखाली राहिला की पोंगा कुजतो आणि त्या उसाची वाढ थांबते.

एक हिशेब मांडतो. समजा अलमट्टीत आवक 3 लाख क्युसेक आहे आणि विसर्ग 2 लाख. फरक 1 लाख क्युसेकचा, म्हणजे दिवसाला 8.64 टीएमसी साठा वाढतो. धरणात 20 टीएमसी जागा मोकळी असेल, तर ती सव्वादोन दिवसांत संपते. त्यानंतर जितकं येईल तितकं सोडावंच लागतं, आणि ते खालच्या नारायणपूर धरणालाही झेपलं पाहिजे. उलट पूर यायच्या तीन दिवस आधी विसर्ग आवकेपेक्षा 50 हजारांनी जास्त ठेवला, तर साधारण 13 टीएमसी जागा तयार होते. सगळा खेळ या दोन-तीन दिवसांच्या आगाऊ निर्णयाचा आहे. धरण 519.60 चं असो वा 524.256 चं, 31 जुलैला त्यात किती जागा मोकळी आहे हे पूर ठरवतं. उंची वाढली तर धोका वाढतो, पण का वाढतो? जास्त साठा धरायचा मोह पावसाळ्यात लवकर सुरू होतो म्हणून. तो मोह तारखेनेच बांधता येतो.

म्हणून माझं मत असं आहे की उंचीला विरोध जरूर करावा, पण तेवढ्यावर थांबू नये. लढा न्यायालयात कसाही सुटला, तरी जून ते सप्टेंबरच्या प्रत्येक पंधरवड्याची कमाल पातळी लिहून मागावी. कर्नाटकाची अडचणही खरी आहे. पाऊस ऑगस्टमध्येच थांबला तर मोकळी ठेवलेली जागा भरणार कशी, आणि विजापूर-बागलकोटच्या शेतकऱ्याला उत्तर कोणी द्यायचं? त्यावर तोडगाही पाण्यातच आहे. धरण वेळापत्रक पाळून कमी भरलं, तर ती तूट वरच्या धरणांतून ठराविक मर्यादेपर्यंत महाराष्ट्राने भरून द्यायची. आपण देणं मान्य केलं तरच मागणीला वजन येतं. आणि तोच नियम कोयना-वारणेला लावायचा. आपली धरणं ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात काठोकाठ आणि शेजाऱ्याने मात्र रिकामं ठेवावं, हे कुठल्याच टेबलावर टिकत नाही.

उन्हाळ्याचं पाणीही याच करारात बसवता येतं. कर्नाटक बहुतेक उन्हाळ्यांत कृष्णेत दोन-चार टीएमसी मागतं. इकडे जत तालुक्याच्या पूर्व भागाला आपल्या म्हैसाळ योजनेचं पाणी पोचवणं अवघड जातं आणि कर्नाटकाच्या तुबची-बबलेश्वर योजनेचं पाणी सीमेपलीकडे जवळच असतं. आम्ही कोयनेतून द्यावं, त्यांनी तुबचीतून जतला द्यावं, ही अदलाबदलीची कल्पना अनेक वर्षं चर्चेत आहे. दरवर्षी पत्रं लिहिण्यापेक्षा ती कायमची लिहून टाकणं दोघांच्या फायद्याचं.

पण तपशील चुकला तर तीही फसते. कोयनेच्या पायथा वीजगृहातून 2,100 क्युसेक सुटतात, म्हणजे 1 टीएमसीला साडेपाच दिवस आणि दोनला अकरा. मोठे दरवाजे उन्हाळ्यात उपयोगाचे नाहीत, पाणी सांडव्याच्या पातळीखाली गेलेलं असतं. वाटेत कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे आहेत. त्यांचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) वरून खाली क्रमाने काढले नाहीत, तर प्रत्येक बंधारा आधी स्वतः भरतो. नदीकाठी हजारो मोटारी आहेत. उपसाबंदी लावून त्या दिवसांत वीज तोडली नाही, तर पाणी सीमेजवळच्या राजापूर बंधाऱ्याला पोचेपर्यंत निम्मं होतं, आणि वीज तोडली तर आपल्याच शेतकऱ्याचा ऊस वाळतो. म्हणून करारात पाणी कोयनेवर मोजायचं की राजापूरला, हे एक वाक्य बाकी सगळ्या कलमांइतकं महत्त्वाचं आहे. कोयनेवर मोजलं तर वाटेतला तोटा कर्नाटकाचा, राजापूरला मोजलं तर आपला. अर्धा अर्धा वाटून घेणंही शक्य आहे, पण ते आधी लिहिलेलं हवं.

तुम्हाला स्वतः काही तपासायचं असेल, तर 15 जुलै ते 31 ऑगस्टचे रोजचे पाच आकडे एका वहीत उतरवा: कोयना आणि वारणेचा विसर्ग, आयर्विन पुलाची पातळी, राजापूर बंधाऱ्यावरचा विसर्ग, अलमट्टीची पातळी आणि अलमट्टीची आवक-जावक. पूर आला तर त्याआधीच्या चार दिवसांत अलमट्टीची जावक आवकेपेक्षा कमी होती का, ते पाहा. पूर ओसरताना आयर्विनला दर सहा तासांनी किती इंच पाणी उतरलं आणि त्याच वेळी अलमट्टीची पातळी वर जात होती की खाली, तेही लिहा. दोन-तीन पावसाळ्यांची अशी वही हातात घेऊन जलसंपदा खात्याच्या कार्यालयात गेलात, तर "अलमट्टीमुळे पूर येतो" या वाक्यापेक्षा तिला नक्कीच जास्त उत्तर मिळेल.